भूमिपूजनापूर्वी भूमिपरीक्षण

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेत काळीत आणि घर पांढरीत, या वाटणीत काळीवर भिंत नीट उभी राहत नाही हा अनुभवही सामावलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही. आता गावठाणे भरली. शाळा, दवाखाने, कचेऱ्या गावाबाहेर मिळेल त्या जागेवर, म्हणजे पुष्कळदा काळीतच, उभ्या राहू लागल्या. जुना संकेत सुटला. त्याची जागा शास्त्राने घ्यावयास हवी होती. ती सर्वत्र घेतली आहे काय?

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. तेथील वाचकांना काळ्या मातीची ओळख करून देण्याचे कारण नाही. बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती बनली. ओल धरून ठेवण्याच्या ज्या गुणामुळे ती कापसाला मानवते, तोच गुण इमारतीच्या मुळावर येतो. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. इमारतीच्या पोटाखालची माती ओली राहते, कडेची वाळते. पाया कोठे उचलला जातो, कोठे खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. विशेष हे की, जड इमारतीपेक्षा हलक्या, एकमजली इमारतीला हा धोका अधिक. फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन तिच्यात नसते. खेड्यांतील शाळेच्या खोल्या आणि आरोग्य उपकेंद्रे बहुधा अशीच असतात.

मोठ्या प्रकल्पांसाठी भूमिपरीक्षण होते. लहान कामात मात्र ‘एवढ्याशा इमारतीला कशाला?’ असा प्रश्न ऐकू येतो. भारतीय मानक संस्थेच्या १९७९ च्या संहितेने त्याचे उत्तर दिलेले आहे. सुमारे ०.४ हेक्टर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक अशी पाच छिद्रे वा चाचणी खड्डे पुरेत. लहान इमारतीला मध्यभागी एकही चालेल. माती किती फुगते हे पाहण्याची कसोटी तर शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखविता येईल इतकी सोपी आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने घ्यावयाचे, एक पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये टाकावयाचा. चोवीस तासांनी दोहोंच्या आकारमानांत जो फरक पडेल, तो मातीचा स्वभाव सांगतो. कारण रॉकेलमध्ये ती फुगत नाही.

स्वभाव कळला की उपायही आहेत. मुरूम जवळ असेल तर पाया तेथवर न्यावा. काळीचा थर खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगीर असलेले खांब घालता येतात. अशा खोल थरात त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर असावी, असा नियम आहे. ओलीत होणारा बदल फारसा पोहोचत नाही अशा खोलीवर त्यांचा कंद मातीत घट्ट रुततो.

परंतु हे सारे अंदाजपत्रकापूर्वी कळले तरच उपयोगाचे. मुरूम किती खोल आहे, हे एकाच शेताच्या दोन टोकांना निराळे असू शकते. मग एकच नमुना आराखडा सर्वत्र कसा चालावा? निविदा निघाल्यावर आणि नारळ फुटल्यावर पायाचा खड्डा बोलू लागला, तर एकतर खर्च वाढतो किंवा खोली कमी होते. खर्च वाढल्यास तो कागदावर दिसतो. कमी झालेली खोली मातीखाली झाकली जाते आणि काही पावसाळ्यांनी भिंतीवर उमटते. तोवर कंत्राटदार गेलेला असतो, अधिकारी बदललेला असतो. त्या भिंतीखाली बसावयाचे असते ते मुलांना, शिक्षकांना आणि कारकुनांना.

म्हणून मागणी साधी आहे. भूमिपरीक्षणाचा अहवाल जोडल्याखेरीज कोणत्याही सरकारी इमारतीच्या अंदाजपत्रकाला मंजुरी मिळू नये. आणि त्या अहवालाची एक प्रत मुख्याध्यापकाच्या किंवा कार्यालयप्रमुखाच्या दप्तरी असावी. कोनशिलेवर नावे कोरण्यास जागा पुष्कळ असते. खाली मुरूम किती फुटांवर लागला, हेही तेथे एका ओळीत कोरता येईल.