बोटाखालची पाटी

लग्नसराईत दिवसभर पत्रिका जुळवणाऱ्या पनवेलच्या एका डीटीपी ऑपरेटरने विचारलंय : 'मनगट धरलंय. डेस्कटॉपला माऊसऐवजी ट्रॅकपॅड जोडला तर फरक पडेल का?'

उत्तर देतो, पण आधी त्या पाटीच्या पोटात डोकावू या. मला तिथेच जास्त रस आहे!

ट्रॅकपॅडला बोटाचा दाब कळतो, असा अनेकांचा समज असतो. बाण हलवताना त्याला दाबाशी देणंघेणं नसतं. आपलं शरीर म्हणजे खारट पाणी, विजेचं वाहक. गुळगुळीत पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. बोट टेकलं की तिथली धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते. म्हणून पेनाच्या टोपणाने बाण हलत नाही, हातात धरलेल्या काकडीने मात्र हलतो. (करून पाहा, पॅड पुसून ठेवा.)

पण पट्ट्या काही मिलिमीटर अंतरावर, मग बाण केसभर कसा सरकतो? सुतळीची बाज आठवा. तिच्यावर मांजर बसलं तर एकच सुतळी झोळत नाही. मधल्या जास्त झोळतात, कडेच्या कमी. खालून नुसते झोळ पाहून मांजर कोणत्या दोन सुतळ्यांच्या मधोमध बसलंय, तेही सांगता येईल. पॅडमधली चिप हेच गणित सेकंदाला कितीतरी वेळा मांडते, फक्त झोळ विजेचा. पनवेलच्या पावसात ओल्या हाताने पॅड वापरलात की बाण सैरभैर होतो, कारण चिपला बाजेवर भलतीच मांजरं दिसू लागतात.

माऊस म्हटलं की डग्लस एंगलबार्टचं नाव निघतं, बोटांच्या खुणा म्हटलं की 2007 च्या आयफोनचं. मधला वेन वेस्टरमन कुणाला आठवत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात पीएच.डी. करताना टायपिंगने त्याचे हात दुखू लागले. त्यातून त्याने दहाही बोटं एकाच वेळी ओळखणारा पृष्ठभाग रचला. जुन्या दुखण्याशी झुंजलेल्या आईला त्याने आपला प्रबंध अर्पण केला. प्राध्यापक जॉन इलायस यांच्यासह त्याने 'फिंगरवर्क्स' ही कंपनी काढली. डेस्कटॉपला जोडायचा पॅडही ती विकत असे. 2005 मध्ये ॲपलने कंपनी घेतली आणि पुढचं श्रेय दुसऱ्यांच्या नावे जमा झालं.

आता मनगटाचं. पॅड रामबाण असल्याच्या जाहिरातींवर जाऊ नका. 1978 च्या कार्ड, इंग्लिश आणि बर यांच्या प्रयोगात माऊसने जॉयस्टिक आणि बाणांच्या कळांना मागे टाकलं होतं. पॅड त्या शर्यतीत नव्हता. पण गणपतीचं चित्र नेमकं ओढून बसवायचं तर आजही माऊसच सोयीचा. शिवाय पॅडवर हात ताठ उचलून धरलात, तर दुखणं मनगटातून बोटांत उतरेल.

खरी अडचण वेगळीच असते. कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांच्या कळा, त्यांच्याही पलीकडे माऊस. हात दिवसभर लांबवलेला. पॅड कीबोर्डच्या पुढ्यात मधोमध किंवा डाव्या हाताशी ठेवा. स्क्रोलिंग, झूम त्याच्याकडे, बारीक कलाकुसर माऊसकडे. वेस्टरमनची युक्तीही हीच होती : एकाच सुतळीवर सगळा भार टाकायचा नाही.

आणि रात्री बोटं बधिर होत असतील, तर पॅडच्या किमती पाहण्याआधी डॉक्टरांकडे जा.