उसन्या पुस्तकाची मालकी

वाचनालयातून पुस्तक घरी नेणाऱ्या सभासदाला, या व्यवहारामागे कोणता कायदा उभा आहे, असे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. वर्गणी भरलेली असते, अनामत जमा असते, नोंद होते आणि पुस्तक पिशवीत जाते. परंतु तेच पुस्तक कागदाऐवजी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उतरू लागले, की हा साधा दिसणारा व्यवहार मुळापासून बदलतो. आणि तो बदल वाचकाच्या ध्यानात येत नाही, कारण अक्षरे तीच असतात, परतीची मुदत तशीच असते, किंबहुना मुदत संपताच पुस्तक आपण होऊन परत जात असल्यामुळे दंडाची धास्तीही उरत नाही. बदललेली असते ती मालकी. छापील पुस्तक वाचनालयाची मिळकत असते. ई-पुस्तक बहुधा प्रकाशकाचे किंवा मध्यस्थ कंपनीचे राहते, आणि वाचनालयाच्या पदरी पडतो तो केवळ मुदतीचा परवाना. सार्वजनिक वाचनाचे भवितव्य या एका भेदावर बरेचसे अवलंबून आहे.

१९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्याने लेखकाला आपल्या ग्रंथाच्या प्रती लोकांत वितरित करण्याचा अनन्य हक्क दिला खरा. परंतु जी प्रत एकदा वितरणात आली, तिच्यापुरता तो हक्क संपतो, अशी मर्यादाही त्याच कलमात घातली. रद्दीवाला जुने पुस्तक विकतो, मित्र मित्राला कादंबरी उसनी देतो आणि ग्रंथपाल दाखल नोंदवहीत क्रमांक टाकून तीच कादंबरी शंभर घरी पाठवतो, ते सर्व या मर्यादेच्या बळावर. दाखल क्रमांक पडलेले पुस्तक देताना कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला हिशेब द्यावा लागत नाही, आणि प्रकाशनसंस्था बंद पडली तरी त्या पुस्तकाचा कब्जा कोणी काढून घेऊ शकत नाही.

सामाईक मिळकतीची परंपरा

महाराष्ट्रात ही मालकी सरकारकडून आलेली नाही. ती लोकांनी वर्गणी काढून उभी केली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. यांतील कित्येक संस्थांचा जन्म गोऱ्या अधिकाऱ्यांच्या उत्तेजनाने ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा नावांखाली झाला, आणि आरंभीच्या कपाटांत इंग्रजी ग्रंथांचाच भरणा अधिक होता. मराठी ग्रंथ हेच संग्रहाचे मुख्य प्रयोजन मानणारी संस्था उभी राहण्यास शतकाचा शेवट यावा लागला: ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि पाचच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. सभासदांच्या पैशातून घेतलेले, म्हणून सर्व सभासदांचे, आणि तरीही ज्याची ऐपत नाही त्यालाही वाचनकक्षात बसून चाळता येणारे पुस्तक, ही कल्पना या संस्थांनी समाजात रुजवली.

राजसत्तेने पुढाकार घेतल्याचा मोठा दाखला त्या काळी बडोद्याने घालून दिला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत एक सलग व्यवस्था उभारली, आणि जेथे वाचनालय काढणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या धाडण्याची तजवीज केली. स्वातंत्र्यानंतर मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यान्वये ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. सरकार संस्था चालवीत नाही, अनुदान देते. संस्था पूर्वीप्रमाणे कार्यकारी मंडळाच्या हाती राहते, आणि ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, जागा आदी निकषांवर तिची अ, ब, क किंवा ड अशी वर्गवारी होऊन त्या मानाने तिला परिरक्षण अनुदान मिळते.

या रचनेचे दोन परिणाम झाले. एक इष्ट: शासनमान्य वाचनालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात गेली, आणि इतके विस्तीर्ण जाळे फारच थोड्या राज्यांच्या वाट्याला आले. दुसरा परिणाम मात्र चिंतेचा. हजारो स्वतंत्र संस्था, त्यांतील बहुसंख्य लहान वर्गातल्या, अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेल्या, जेमतेम मानधनावर राबणाऱ्या ग्रंथपालाच्या निष्ठेवर चाललेल्या. छापील पुस्तकाच्या बाबतीत हे विकेंद्रीकरण खपून गेले, कारण दुकानातून एक प्रत विकत घेण्यास कोणाशी करार करावा लागत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत प्रत्येक गोष्ट करारावर येऊन ठेपते, आणि करार करणाऱ्या बड्या कंपनीपुढे ड वर्गातील एकट्या वाचनालयाचे वजन ते काय पडणार!

परवान्याचे राज्य

या कराराचे स्वरूप कसे असते, हे पाहण्यास अमेरिकेचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालये ओव्हरड्राइव्हसारख्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत ई-पुस्तके देतात, आणि २०१७ पासून त्याच कंपनीचे ‘लिबी’ हे ॲप असंख्य वाचकांच्या भ्रमणध्वनींत रुळले आहे. सोय खरोखर मोठी आहे: अंथरुणाला खिळलेला रुग्ण, दृष्टी मंदावल्यामुळे मोठ्या अक्षरांवाचून ज्याचे चालत नाही असा वृद्ध, वाचनालय बंद झाल्यानंतरच ज्याला फुरसत मिळते असा कामगार, या सर्वांना तिने वाचनाचे दार उघडून दिले. तथापि एका प्रतीच्या परवान्यावर एका वेळी एकच वाचक, हा सर्वसाधारण नियम आहे. विद्युत्प्रती काढण्यास खर्च जवळपास नसतानाही वाचकांनी आठवडेच्या आठवडे रांगेत तिष्ठावे, हे विचित्र दिसते; पण लेखक-प्रकाशकांच्या उपजीविकेचा विचार करता ते समजून घेता येते. समजून घेण्यास अवघड आहे ते पुढचे. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ठरवले, की ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की बाद झाले, पुन्हा पैसे भरा. छापील पुस्तकही अखेर जीर्ण होतेच, हा त्यामागील युक्तिवाद. पण शिवण उसवलेले पुस्तक बांधणीला पाठवून आणखी वीस वर्षे चालवणारा कोणताही ग्रंथपाल त्यावर हसल्याशिवाय राहणार नाही. २०१९ मध्ये मॅकमिलन संस्थेने नव्या पुस्तकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत एका संपूर्ण ग्रंथालय-व्यवस्थेला, मग ती एखाद्या महानगराची का असेना, एकच विद्युत्प्रत विकण्याचे फर्मान काढले. ग्रंथपालांनी बहिष्कार पुकारला आणि २०२० च्या मार्चमध्ये ते मागे घेण्यात आले.

न्यायालयांचा कौल सर्वत्र सारखा नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये, डच ग्रंथालयांच्या दाव्यात, एका वेळी एकच वाचक ही अट पाळली जात असेल तर ई-पुस्तकाची देवघेव छापील पुस्तकाच्या देवघेवीसारखीच मानता येते, असा निर्णय दिला. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने आपल्याजवळच्या छापील पुस्तकाची प्रतिमा काढून, जितक्या प्रती ताब्यात तितक्याच उसन्या, असा प्रघात सुरू केला होता, आणि २०२० च्या साथीत तर ती मर्यादाही काही काळ उठवली; प्रकाशकांनी दावा लावला आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयातही संस्था हरली. आपल्या कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या ग्रंथाची विद्युत्प्रत जतनासाठी करून ठेवण्याची मुभा दिली. ती प्रत घरी वाचायला देण्याची मुभा मात्र त्यात नाही.

ज्यांचे लेखक मृत्यू पावून ६० वर्षे लोटली त्या ग्रंथांची गोष्ट निराळी. हरि नारायण आपटे, श्रीधर व्यंकटेश केतकर, साने गुरुजी यांचे लेखन आज सर्वांचे आहे. ते कोणीही कोणालाही कोणत्याही रूपात द्यावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील दोलामुद्रिते, म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील ग्रंथ, राज्य मराठी विकास संस्थेच्या प्रयत्नाने संगणकावर आले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपल्या दुर्मीळ संग्रहाची दारे उघडली. खरगपूरच्या आयआयटीने राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभारले. अडचण आहे ती मधल्या काळाची. १९७८ मध्ये निवर्तलेल्या ना. सी. फडक्यांचे ग्रंथ २०३८ सरेपर्यंत मुक्त होणार नाहीत. त्यांच्या पिढीतील आणि नंतरच्या कितीतरी लेखकांची पुस्तके दुकानात नाहीत, ई-रूपात नाहीत, आणि जुन्या वाचनालयाच्या कपाटात वाळवीशी झुंजत असलेली प्रत हाच त्यांचा अखेरचा आधार आहे.

पेटी, गाव आणि श्रोते

वाचनसंस्कृतीचे जे उपक्रम आपल्याकडे यशस्वी झाले, त्यांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे मालकीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. २००९ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना म्हणजे बडोद्याच्या पेटीचाच नवा अवतार होय: देणगीदाराच्या पैशातून पुस्तके घ्यायची, पेटी भरायची, ती एखाद्या सोसायटीत, कार्यालयात वा तुरुंगात ठेवायची, आणि काही महिन्यांनी एका ठिकाणची पेटी दुसरीकडे हलवायची. ही पेटी देशाची सीमा ओलांडून आखाती मुलुखातील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचली. महाबळेश्वरजवळचे भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. तेथे घरांच्या ओसऱ्यांवर पुस्तके मांडलेली असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ती बसून वाचावीत, एवढीच अपेक्षा असते. याहून जुनी परंपरा पोथीवाचनाची: चातुर्मासात एकाने वाचावे आणि आळीने ऐकावे, या रिवाजामुळे ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानी ग्रंथ गेला.

पेटी हलवताना रानड्यांना कोणाचा परवाना लागला नाही. भिलारच्या यजमानाने कोणाशी करार केला नाही. पोथी ऐकणाऱ्या दहाजणांचे दहा वेगळे शुल्क कोणी मागितले नाही. ई-पुस्तकाचा परवाना एका सभासदाच्या नावाशी आणि त्याच्या खात्याशी जखडलेला असतो. वाचन हा जोवर एकट्याचा विरंगुळा आहे तोवर ती जखडण जाचत नाही. परंतु ज्या क्षणी वाचन ही मंडळीची, शाळेची, वस्तीची गोष्ट होते, त्या क्षणी ती आडवी येते.

म्हणून ई-पुस्तकांना विरोध करावा, असे मुळीच नाही. मराठीत ई-पुस्तकांची सार्वजनिक देवघेव अद्याप बाल्यावस्थेत आहे, वहिवाट पडलेली नाही, आणि म्हणूनच अटी ठरवण्याची संधी अजून हातची गेलेली नाही. राज्यघटनेने ग्रंथालये राज्यांच्या सूचीत आणि प्रतिमुद्राधिकार संघाच्या सूचीत घातला आहे; तेव्हा कायदा बदलणे मुंबईच्या हाती नसले, तरी ग्राहक म्हणून आपल्या अटी घालणे खचित आहे. ग्रंथालय संचालनालयाच्या यादीत आपले पुस्तक यावे अशी प्रत्येक मराठी प्रकाशकाची इच्छा असते, कारण हजार किंवा त्याहून कमी प्रतींच्या आवृत्तीत वाचनालयांची खरेदी हा मोठा आधार असतो. त्या यादीसोबतच शासनाने सर्व शासनमान्य वाचनालयांच्या वतीने एकत्रित करार करून विद्युत्प्रतही कायमची विकत घ्यावी, एका वेळी ठरावीक वाचक ही मर्यादा मान्य करावी, मात्र इतक्या वेळा दिली की बाद, ही अट कदापि मान्य करू नये. लेखक-प्रकाशकांचे नुकसान होईल ही भीती खोटी नाही. तिचे उत्तर डेन्मार्कने १९४६ मध्ये आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने देऊन ठेवले आहे. ग्रंथालयांतून पुस्तक वाचले जाते त्याचा मोबदला लेखकाला सरकारी तिजोरीतून देण्याची ती पद्धत होय, आणि ब्रिटनने २०१८ पासून ती दूरस्थ ई-पुस्तकांनाही लागू केली. वाचकाला मुक्तद्वार आणि लेखकाला मोबदला या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. त्यांचा मेळ घालण्यास पैसा लागतो, आणि तो सरकारने द्यावा लागतो, इतकेच.

पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी चार-चार आण्यांची वर्गणी जमवून पुस्तके घेतली, त्यांनी ती भाड्याने घेतली असती तर आज रत्नागिरीत किंवा नाशकात दाखवण्यासारखे काय उरले असते, हा प्रश्न अंदाजपत्रक तयार करणाऱ्यांनी आणि वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी, पहिल्या ई-करारावर सही करण्यापूर्वी, स्वतःला विचारावा. सोय पाहून परवाना घेणे सोपे आहे. परंतु परवान्यांचा संग्रह कितीही मोठा झाला, तरी त्याला ग्रंथसंग्रह म्हणता येणार नाही.