‘डावखुरं’ बाळ आणि हातून निसटणारे साडेपाच महिने

एप्रिलमधली ओपीडी. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावातून आजी नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या होत्या. बाळ नऊ महिन्यांचं, अंगाने चांगलं, हसरं. छाती तपासताना त्याने माझ्या स्टेथोस्कोपकडे हात नेला. मी स्टेथोस्कोप मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला धरला, तरी त्याने डावा हात अंगावरून ओढून पलीकडे आणला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. उजवी मूठ मिटलेली आणि अंगठा मुठीच्या आत.

‘‘डावखुरा आहे डॉक्टर, आज्यावर गेलाय,’’ आजी कौतुकाने म्हणाल्या.

हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलं आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. वर्षाच्या आतलं बाळ डावखुरंही नसतं आणि उजवंही नसतं. या वयात ते दोन्ही हात साधारण सारखेच वापरतं. एकच हात पुढे येत असेल आणि दुसरा मागे राहत असेल, तर ते आजोबांवर गेलेलं नाही. मागे राहणाऱ्या हाताचं काहीतरी बिघडलेलं असू शकतं. या बाळाच्या बाबतीत तसंच निघालं. त्याला उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूच्या एका भागाला इजा झाल्यामुळे शरीराची एक बाजू कमजोर राहिली होती.

हे आधी कुणाच्या लक्षात का आलं नाही? आजींचा यात दोष नाही. बाळ आषाढातलं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी वेळेवर झालेल्या. त्यानंतर आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला गेले, बाळही सोबत गेलं आणि पट्टा पडल्यावर परत आलं. पुढची लस नऊ महिन्यांना. मधल्या साडेपाच महिन्यांत बाळाकडे त्या नजरेने कुणीच पाहिलं नव्हतं.

साडेतीन ते नऊ महिने: मधली मोकळी जागा

सरकारी वेळापत्रकात साडेतीन महिन्यांनंतरची लस थेट नऊ महिन्यांना असते. लसीकरणाच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. पण बाळाच्या वाढीत सगळ्यात जास्त घडामोडी नेमक्या याच काळात होतात. मान पक्की होणं, पालथं पडणं, वस्तूकडे हात नेणं, या हातातली वस्तू त्या हातात घेणं, बसणं, आवाजाकडे वळणं, ओळखीचा आणि अनोळखी चेहरा वेगळा कळणं, हे सगळं याच महिन्यांतलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाच्या बऱ्याचशा हालचाली आपोआप होणाऱ्या असतात. तळहातावर बोट ठेवलं की मूठ आवळते, दचकलं की हात फाकतात. मेंदूच्या एका बाजूला इजा असली तरी या वयात ती सहसा उघड दिसत नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ स्वतःच्या इच्छेने हात पुढे करायला लागतं, तेव्हा कुठला हात येत नाही ते कळतं. म्हणजे दोष दिसायला लागतो त्याच सुमारास आपलं दवाखान्यात जाणं थांबलेलं असतं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांची बाळं कोपीत आणि फडाच्या कडेला झोळीत वाढतात. गावातल्या आशाताईंच्या यादीत बाळाचं नाव असतं पण बाळ गावात नसतं, आणि जिथे बाळ असतं तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. तरीही हा प्रश्न फक्त ऊसतोड कुटुंबांचा समजू नका. सावेडीतल्या फ्लॅटमधलं बाळही आजारी पडलं नाही तर या महिन्यांत डॉक्टरकडे जात नाही, आणि आजारी पडून आलं तर डॉक्टर तापाकडे बघतात.

‘अमक्या महिन्यात बसलंच पाहिजे’ असं असतं का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली वाढीचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण चार ते नऊ महिने, गुडघ्यांवर रांगण्याचा पाच ते साडेतेरा महिने, आणि एकट्याने चालण्याचा आठ ते साडेसतरा महिने असा निघाला. यातली रुंदी बघा. एक बाळ दहाव्या महिन्यात चालेल, दुसरं सोळाव्या महिन्यात, आणि दोन्ही ठीक असतील. सुमारे चार टक्के मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा जावेचं बाळ आधी चाललं म्हणून तुमच्या बाळावर शंका घेऊ नका.

तुमचं बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत ते जितकं लवकर आलं तितके आठवडे वयातून वजा करा. दोन महिने आधी जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ वाढीच्या हिशेबात चार महिन्यांचं असतं.

पण ‘उशीर चालतो’ हे वाक्य अर्धवट ऐकू नका. उशीर चालतो तो खिडकीच्या आत, आणि बाकी सगळं ठीक असेल तेव्हाच. चौथा महिना संपला तरी मान सावरत नाही, मुठी सतत मिटलेल्या राहतात, सहा महिन्यांचं झालं तरी वस्तूकडे हात जात नाही किंवा आवाजाकडे मान वळत नाही, नऊ महिने उलटून गेले तरी आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी धरून उभं राहत नाही, ‘बाबा-दादा’सारखे आवाज काढत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, यातलं काहीही असेल तर दाखवा. बाळाला उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील किंवा अंग चिंधीसारखं सैल लागत असेल, तर महिने मोजत बसू नका.

‘याचा बापही दोन वर्षांनी चालला होता’ हे उत्तर मला फार वेळा मिळतं. असेलही तसं. पण ते तपासणीनंतर म्हणायचं वाक्य आहे, तपासणीऐवजी नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मान न धरणाऱ्या सात महिन्यांच्या एका बाळाच्या आईला मीच ‘अजून महिनाभर बघू’ म्हणालो होतो. ती परत आली तेव्हा बाळ सव्वा वर्षाचं झालं होतं. तेव्हापासून ‘बघू’ म्हणायचं असेल तर मी तारीख लिहून देतो.

बुद्धीची वाढ कशी ओळखायची?

बुद्धी म्हणजे ‘ए फॉर ॲपल’ नव्हे. दीड-दोन महिन्यांचं बाळ तुमच्या चेहऱ्याकडे पाहून हसतं, ती पहिली खूण. तीन महिने झाले तरी बाळ नजरेला नजर देत नसेल, हसत नसेल, तर डोळे तपासायला हवेत आणि बाकीचीही तपासणी हवी.

एक सोपा खेळ घरी करून बघा. बाळाच्या देखत चमचा वाटीखाली लपवा. पाच महिन्यांच्या बाळासाठी तो चमचा जगातून नाहीसा होतो, ते दुसरीकडे बघायला लागतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ वाटी उचलतं. दिसत नसलेली वस्तूही असते, हे त्याला कळायला लागलेलं असतं. ‘बुवा... कुक!’ची मजा याच वयात वाढते, आणि आई नजरेआड झाली की रडणंही याच वयात सुरू होतं. लोक म्हणतात, बाळ चिकट झालं. खरं तर त्याची समज वाढलेली असते.

नऊ-दहा महिन्यांना अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत बारीक वस्तू उचलता येते. बोरन्हाणात चुरमुरे वेचणारं बाळ बघितलंत तर ही चिमटी तुम्हाला आपोआप दिसेल. (बोरं, शेंगदाणे आणि हलवा मात्र बाळाच्या हाताला लागू देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात.) वर्षाच्या आसपास बाळ हवी ती वस्तू बोटाने दाखवतं. बोलण्याच्या आधी येणारी ही खूण मी फार महत्त्वाची मानतो.

आवाजाबद्दल एक सावधगिरी. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने ‘आऽऽ ऊऽऽ’ करतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पुढे त्याचे आवाज कमी होतात. ताट वाजवून परीक्षा घेऊ नका, बाळ हादऱ्यानेही वळतं. शंका असेल तर कानाची बेरा तपासणी करून घ्या.

तीन गोष्टी ज्यांसाठी थांबायचं नाही

पहिली, आलेली गोष्ट जाणं. बसणारं बाळ बसेनासं झालं, हसणारं हसेनासं झालं, तर कोणत्याही वयात तातडीने दाखवा. आपल्याकडे याचं एक बरं होणारं कारण आहे, ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. आई शाकाहारी असेल आणि दूधही बेताचं घेत असेल, तर तिच्या दुधातून बाळाला ते पुरेसं मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. असं बाळ पुष्कळदा गुबगुबीत दिसतं, त्रास देत नाही, म्हणून ‘शहाणं बाळ’ ठरतं. पण त्याचा रंग फिका असतो, बोटांचे सांधे काळसर आणि केस विरळ, भुरे असतात. कधी हातपाय थरथरतात. रक्त तपासून इंजेक्शनं सुरू केली की काही दिवसांत बाळ आजूबाजूला बघायला लागतं. उशीर झाला तर मात्र मेंदूवरचा परिणाम पूर्ण भरून येईलच असं नाही. आईलाही उपचार लागतात, हे विसरू नका.

दुसरी, ओळीने येणारे झटके. साधारण चार ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकदम मान वाकवतं, हात फाकवतं, क्षणभर थांबतं, आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. असं दहा-वीस वेळा. याला कुणी दचकणं म्हणतं, कुणी पोटातली कळ, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळतं. ही एका गंभीर प्रकारच्या फिट्सची खूण असू शकते आणि तिच्यात दिवसांचा फरक पडतो. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढावा लागेल.

तिसरी गोष्ट, एकच हात वापरणं. ती वर आलीच आहे.

घरी काय करावं, काय करू नये

जागेपणी बाळाला दिवसातून थोडं थोडं करून एकूण अर्धा तास तरी पालथं ठेवा, समोर बसून. जागं बाळ दिवसभर झोळीत राहिलं तर मान, खांदे आणि पाठ यांना काम मिळत नाही. झोपवताना मात्र उताणंच झोपवा. चटईवर गोधडी, समोर स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा, एवढं सामान पुरतं. बोलत राहा, मग ते भाकरी थापता थापता का असेना. वर्षाच्या आत मोबाईल अजिबात नको.

चाकांचा वॉकर आणू नका. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट चुलीपर्यंत आणि पायऱ्यांपर्यंत लवकर पोचतं. कॅनडाने २००४ सालीच त्यावर बंदी घातली. आपला पांगुळगाडा वेगळा, त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. धरून उभं राहायला लागल्यावर, कुणी जवळ असताना, चालेल.

दाखवायचं कुठे?

आशाताईंच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरलेल्या आहेत. सहाव्या महिन्याची भेट मधली मोकळी जागा भरते, ती चुकवू नका. बाळाकडे नीट बघायला डिग्री लागत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. गरज असेल तर ती बाळाला जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतात. तिथे बालरोग, फिजिओथेरपी, श्रवण आणि वाचा या बाजूंनी विनामूल्य तपासणी व उपचार अपेक्षित आहेत. वर सांगितलेल्या बाळाला तिथेच पाठवलं. त्याचा उजवा हात डाव्यासारखा होईल असं मी त्याच्या आईला सांगितलं नाही. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदू नवे मार्ग शोधायला सर्वांत तयार असतो, म्हणून व्यायाम आत्ताच सुरू करायचे, हे सांगितलं. आता आजी जेवताना चमचा त्याच्या उजव्या हातात देतात आणि तो धरेपर्यंत थांबतात.

येताना बाळाचं प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणा. जन्मल्यावर लगेच रडलं का, वजन किती होतं, कावीळ किती वाढली होती, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे त्यात असतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणार असाल तर माता व बाल संरक्षण कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. त्यात कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं याची चित्रं आहेत. सहावा महिना लागला की कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाला एकदा घेऊन जा. लस नसली तरी जा, आणि ‘वाढ बघायला आलोय’ असं सांगा.