उपदेशाकडून विश्वासाकडे : जर्मन बालकुमार साहित्याची वाटचाल

मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठरवावी लागते : समोरच्या मुलाला घडवायचे आहे की त्याच्याशी बोलायचे आहे? जर्मन भाषेतल्या बालकुमार साहित्याने या प्रश्नाची उत्तरे अडीचशे वर्षांत अनेकदा बदलली. जिथे लेखकाने मुलाच्या समजुतीवर भरवसा ठेवला, तिथली पुस्तके टिकली.

बोधाचा काळ

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शिक्षणसुधारकांनी मुलांसाठी स्वतंत्र पुस्तके लिहायला घेतली. योआखिम हाइनरिश काम्पे यांनी १७७९ साली ‘रॉबिन्सन क्रूसो’ मुलांसाठी नव्याने सांगितला. त्यांच्या पुस्तकात एक वडील मुलांना ही गोष्ट सांगतात, मुले मध्येच प्रश्न विचारतात आणि वडील उत्तरे देतात. काम्पेंनी रॉबिन्सनला बुडालेल्या जहाजातली हत्यारे मिळू दिली नाहीत. माणसाला हाताने आणि अकलेने काय काय करता येते, हे मुलांना दिसावे म्हणून. हेतू सरळ शिकवण्याचाच होता, पण मुलांचे प्रश्न पुस्तकात आले हे नवे होते.

ग्रिम बंधूंची कात्री

१८१२ साली याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड निघाला, तेव्हा तो अभ्यासकांच्या कामाचा ग्रंथ होता. त्यात चित्रे नव्हती, विद्वत्तापूर्ण टिपा मात्र भरपूर होत्या. रपुंझेल आपले कपडे अंगाला घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते आणि तिला दिवस गेल्याचे वाचकाला कळते. मुलांच्या पुस्तकात हे कशाला, अशी टीका झाली. पुढच्या आवृत्त्यांत तो प्रश्न गाळला गेला. हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आई १८१९ च्या आवृत्तीत सावत्र झाली. १८२५ मध्ये निवडक पन्नास कथांची छोटी सचित्र आवृत्ती आली आणि हा संग्रह घराघरांत पोचला. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म कथांवरून हात फिरवतच होते. आज आपण ‘मूळ’ म्हणून वाचतो, त्या कथा अशा घडत गेल्या आहेत.

चित्रे आणि खोड्या

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांना १८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी मनासारखे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहून, चित्रे काढून ‘श्ट्रुव्वेलपेटर’ तयार केले. १८६५ मध्ये विल्हेल्म बुश यांचे ‘माक्स आणि मोरित्झ’ आले. दोन्हीकडे व्रात्य मुलांना भयंकर शिक्षा होते, पण वाचकाला मजा येते ती खोड्यांची.

एमिल आणि टाचणी

१९२९ साली एरिश केस्टनर यांच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ने चित्र पालटले. गोष्ट परीराज्यातली नाही, बर्लिनच्या रस्त्यांवरची आहे. केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या आईने कष्टाने साठवलेले १४० मार्क एमिल कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून नेतो. आगगाडीत ते चोरीला जातात. गावातल्या पुतळ्याला मिशा रंगवल्याची धास्ती असल्यामुळे तो पोलिसांकडे जात नाही. मग बर्लिनची मुले मिळून चोराचा पाठलाग करतात, आणि नोटांवरची टाचणीची भोके पुरावा ठरतात. चोर पकडण्याची सगळी योजना मुलांची असते.

१० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तके जाळली, त्यात केस्टनर यांचीही होती. ते स्वतः त्या गर्दीत उभे राहून पाहत होते. ‘एमिल’चे चित्रकार वाल्टर ट्रिअर आणि प्रकाशक एडिथ याकोबसोन हे दोघेही ज्यू, दोघांनाही देश सोडावा लागला.

युद्धानंतर पुस्तकेच आधी

लंडनला निर्वासित झालेल्या ज्यू पत्रकार येला लेपमान १९४५ मध्ये जर्मनीत परतल्या आणि त्यांनी अनेक देशांकडे मुलांची पुस्तके मागितली. जर्मनीने दोनदा आक्रमण केलेल्या बेल्जियमने आधी नकार दिला. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिले आणि पुस्तके आली. १९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरले, १९४९ मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय बालकुमार ग्रंथालय उभे राहिले. उद्ध्वस्त शहरात मुलांना भाकरीइतकीच पुस्तकांची गरज आहे, ही त्यांची धारणा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

अवघड विषयांना दार उघडले

ओटफ्रीड प्रॉइसलर यांचा ‘दरोडेखोर हॉटझेनप्लॉट्झ’ (१९६२) आणि मिखाएल एंडे यांची ‘मोमो’ (१९७३) यांनी कल्पनेला मोकळे रान दिले. त्याच सुमारास दुसरा प्रवाह जोर धरत होता. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टीने नोस्टलिंगर यांनी घरातल्या हुकूमशाहीची टर उडवली. गुड्रुन पाउसेवांग यांनी ‘ढग’मध्ये (१९८७) अणुदुर्घटना मांडली. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरने मुलांचे खरे प्रश्न रंगमंचावर आणले. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ग्रिप्सची नाटके ऐंशीच्या दशकात पुण्यात मराठीत सुरू झाली, म्हणून हा धागा आपल्यालाही जवळचा आहे.

निवड मुलांच्या हाती

१९५६ पासून जर्मन सरकार बालकुमार साहित्याला पुरस्कार देते. त्यात अनुवादित पुस्तकेही बरोबरीने स्पर्धेत असतात. २००३ पासून कुमारवयीन वाचकांचे स्वतंत्र परीक्षक मंडळही आपला पुरस्कार देते. काम्पेंच्या पुस्तकातली मुले प्रश्न विचारत होती, आताची मुले निवाडाही करतात. मराठीत मुलांच्या पुस्तकांचे पुरस्कार ठरवताना निदान एक मत मुलांचे असावे, हे आपण जरूर घेण्यासारखे आहे.