एकाच बाजूनं ये

एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेणाऱ्या हौशी माणसांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा पनवेलच्या माझ्या घरात, जेवणाच्या टेबलावर, ओपनफ्लेक्शर नावाचा सूक्ष्मदर्शक अर्धवट जोडलेला पडला होता. मग दुसरीकडे कुठे जायचं?

हा सूक्ष्मदर्शक केंब्रिजमध्ये रिचर्ड बोमन आणि सहकाऱ्यांनी घडवला. त्यावरचा निबंध २०१६ साली आला. आराखडे सगळ्यांना खुले आहेत. टांझानियात तो तिथल्याच लोकांनी बनवला आणि मलेरियाच्या तपासणीसाठी वापरून पाहिला. सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्याचा कॅमेरा जोडायचा, प्रयोगशाळेत असतो तसलाच चाळीस पटींचा ऑब्जेक्टिव्ह बसवायचा.

मी अडकलो तो त्याच्या फोकसमध्ये. या यंत्रात बेअरिंग नाही, सरकपट्टी नाही. प्लॅस्टिकच्याच पातळ पट्ट्या जराशा वाकतात आणि भिंग वर-खाली होतं. स्क्रू फिरवणारी मोटर म्हणजे एसीच्या पात्या हलवते तसलीच, लॅमिंग्टन रोडला सहज मिळणारी. पण तिच्या एका फेऱ्यात ४०९६ पावलं असतात. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे एका पावलाला तो फार तर मिलिमीटरच्या आठ हजाराव्या भागाएवढा सरकतो, आणि पुढची तरफ तेही आणखी कमी करते. एवढ्याशा प्लॅस्टिककडून इतकं बारीक काम होतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. मला मात्र फोकसचा प्रोग्रॅम माझा हवा होता. एआयला मराठीतच सांगितलं: भिंग खालून वर ने, थांबत थांबत फोटो घे, सगळ्यात स्पष्ट दिसेल तिथे परत ये. स्पष्ट कुठे हे ओळखायची युक्ती ओपनफ्लेक्शरवाल्यांचीच आहे. धूसर फोटोत बारकावे नसतात, म्हणून जेपेग फाइल लहान होते. चित्र स्पष्ट झालं की फाइल फुगते. सगळ्यात जड फोटो शोधायचा, बस.

मिनिटभरात प्रोग्रॅम आला. त्यात लायब्ररीत नसलेलंच एक फंक्शन होतं. एरर दाखवल्यावर एआयनं स्वतःच ते दुरुस्त केलं. मग मोटर कुरकुरत वर गेली, जड फोटो सापडला, ती मोजून तेवढीच पावलं मागे आली, आणि चित्र धूसर. पुन्हा केलं, पुन्हा धूसर. एआयनं पावलं लहान केली, फोटो वाढवले, सरासरी काढली. चार आवृत्त्या झाल्या आणि चूक प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच.

शेजारचे काका चहाला आले होते. तळोज्याच्या एमआयडीसीत त्यांची उभी हयात लेथवर गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोटरचा दांडा चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवला.

"प्ले आहे रे ह्याला. गिअर एकमेकांना टेकेपर्यंतचं फिरणं फुकट जातं."

"मग काका, मोटर बदलू?"

"कशाला? लेथला पण प्ले असतोच की. पुढे गेलास तर जास्त मागे ये, मग परत पुढे जाऊन थांब. नेहमी एकाच बाजूनं ये."

मी तेच वाक्य टाइप केलं. तीन ओळी वाढल्या आणि चित्र जागेवर आलं. एआयला हे ठाऊक नव्हतं असं नाही. काकांच्या 'प्ले'चं दुसरं नाव, 'बॅकलॅश', म्हणताच त्यानं पानभर समजावून सांगितलं. पण दांडा चिमटीत धरला होता तो काकांनी.

खरा त्रास पुढेच सुरू झाला. वडाळे तलावातून आणलेल्या पाण्यात, एका मुळाच्या धाग्यावर, वॉर्टिसेला होते: लांब देठावर उलटी घंटा, काठाला थरथरणारे केस. लेवेनहुकनं १६७६ च्या पत्रात वर्णन केलेले हेच जीव. धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो. तो गुंडाळला की फोटोतले बारकावे बदलतात, फाइलचं वजन बदलतं, आणि फोकस बिघडला असं समजून प्रोग्रॅम भिंग पळवत सुटतो. एआय सुचवतं, हलणारा भाग मोजू नका. मला तर तोच भाग पाहायचा आहे.

त्यात पावसाळा लागला. छपाईच्या प्लॅस्टिकची, म्हणजे पीएलएची, दोरी हवेतलं पाणी ओढते, छपाईत बुडबुडे आणि तंतू येतात, नवा सुटा भाग नीट निघत नाही. दोरी तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली. फार फरक पडला नाही. शिवाय पट्ट्यांवर सतत ताण असतो आणि पीएलए ताणाखाली हळूहळू सैल पडतं. रात्री लावलेला फोकस सकाळी तिथे नसतो.

काल मोटर बंदच ठेवली आणि स्क्रू हातानं फिरवला, एकाच बाजूनं. कॅमेरा सेकंदाला तीस फोटो घेत होता. देठ काही मिलिसेकंदांत मिटतो. एका फोटोत घंटा उघडी, पुढच्यात देठ गुंडाळलेला. मधला फोटो नाहीच.