मित्राचा संगणक, दुरूनच दुरुस्ती
मार्चअखेर आहे, टॅली अडले आहे आणि जाणकार मित्र परगावी, असा प्रसंग पेढीवर नवा नाही. रिमोट सॉफ्टवेअरने तो तेथूनच संगणक हाताळू शकतो. मात्र ही तिजोरीचीच किल्ली होय. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आडून यूपीआयद्वारे रकमा लंपास होण्याच्या धोक्याचा इशारा दिला होता. तेथे दोष साधनाचा नव्हता, अनोळखी माणसाला संकेतांक सांगण्याचा होता. तथापि साधनेही अभेद्य नसतात. २०२४ मध्ये आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे त्याच कंपनीने जाहीर केले.

विंडोजवरील प्रासंगिक मदतीस क्विक असिस्ट पुरेसे आहे. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खात्यातून प्रवेश करावा लागतो, संकेतांक दहा मिनिटांत बाद होतो आणि नियंत्रण देण्यापूर्वी संगणकधारकाची संमती लागते. रस्टडेस्क हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरही चालते. पण त्याची निगा राखणारा माणूस हवा, आणि पेढीवर तो बहुधा नसतो! कायमचा पासवर्ड ठेवण्याची सोय मोहक असली तरी टाळावी. काम चालू असताना बँकेचे पान बंद असावे आणि मालकाने पडद्यासमोरून उठू नये. फोन आपणच मित्राला लावावा. तरीही रक्कम गेलीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवावे.