डोक्याला दोष देऊ नका, अभ्यासाची रीत पाहा!

‘आता या वयात कुठला अभ्यास? वाचलेलं डोक्यात राहतच नाही बाई!’ पदवीच्या प्रवेशाचा विचार या एका वाक्यापायी कितीजणी सोडून देतात! मैत्रिणींनो, तुमच्याही तोंडी हे वाक्य येत असेल, तर जरा थांबा.

लग्न, मुलंबाळं यांत शिक्षण राहून गेलेल्यांना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाट आहे. १९८९ साली नाशिकला ते स्थापन झाले. विभागीय केंद्र आपल्या नागपुरातही आहे. मात्र रोजचा वर्ग नसल्याने बहुतेक अभ्यास घरीच. म्हणून आपण कसे शिकतो, हे आपले आपणच ओळखावे लागते.

‘कुणी डोळ्यांनी शिकते, कुणी कानांनी, कुणी हातांनी,’ असे तुम्ही ऐकले असेल. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली मांडलेली अशी विभागणी जगभर गाजली. पण २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे संशोधन तपासले. ज्याच्या-त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवल्याने जास्त येते, याला त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही.

आपल्या घरातच पाहा ना! सांबारवडीची घडी नुसतं वाचून जमत नाही, हात पिठात घालावाच लागतो. भजनाची चाल कानानेच उचलायची. गडचिरोली कुठे, गोंदिया कुठे, हे नकाशावर बोट ठेवलं की चटकन कळतं. बाई तीच, रीत विषयाप्रमाणे बदलते.

मग वाचलेले टिकावे कसे? रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांचा २००६ सालचा प्रयोग ऐका. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीनदा न पाहता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ४० टक्के आठवले, दुसऱ्यांना ६१ टक्के! गंमत म्हणजे, आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

तेव्हा एवढे करा :

१. दोन पाने वाचून पुस्तक मिटा. आठवेल ते वहीत लिहा, मग ताडून पाहा.

२. तेच दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा आठवा. एका बैठकीत घोकू नका.

३. एक आठवडा पहाटे, एक आठवडा दुपारी कामं आवरल्यावर बसा. कोणत्या वेळचं जास्त टिकलं, याची नोंद ठेवा. खरा अंदाज या वहीतूनच येईल.

आणि हो, लेकीचा पाढा चुकला तर ‘तुझं डोकंच नाही गणितात’ असा शिक्का मारू नका. तिलाही पुस्तक मिटून आठवायला लावा. मायलेकी शेजारी-शेजारी वह्या घेऊन बसलात, तर आणखीच छान!